मांडीची सवय

गुणी माणसाचा एक मोठा फायदा असतो. त्याच्याकडे कुणाला बघावं लागत नाही.

ही आत्या तशीच गुणी. वय चाळीस, लग्न राहून गेलेलं. राहून गेलं म्हणजे काय, तर आधी बापाचं आजारपण झालं, मग धाकट्या भावाचं शिक्षण झालं, मग भावाचं लग्न झालं, आणि आता हिचं कधी असं विचारायची वेळ आली तोवर विचारणारेच दमून गेले. तिनं स्वतः तोंड उघडलं असतं तर गोष्ट वेगळी. पण तोंड उघडलं तर गुणी कसली?

ती एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आत्याची जोडीदारीण सहा वर्षांपूर्वी काम सोडून गेली आणि मुकादमाने दुसरी बाई शोधण्याऐवजी भिंतीत दोन खिळे ठोकून दिले. चादरीची दोन टोकं खिळ्यांना, उरलेली दोन आत्याच्या हातात. मुकादम येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा, की बघा, हिची काही तक्रार आहे का? नव्हती. खिळ्यांचीही नव्हती.

तर अशा या आत्याच्या भावाला जुळ्या मुली झाल्या.

पहिली आली ती गिरणीचा भोंगा वाजावा तशी. तिचं नाव तिथल्या तिथे पडलं, भोंगा. आठ मिनिटांनी दुसरी आली. तिनं बहुधा भोंग्याचा आवाज ऐकला आणि ठरवलं, की या घरात आपलं काही ऐकू जायचं नाही, उगाच घसा कशाला फोडा. ती गप्प आली आणि गप्पच राहिली. तिला सगळे धाकली म्हणायला लागले.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यात आत्या, तिची आई, भाऊ, वहिनी आणि या दोघी. भोंगा ओरडला की सगळं घर पळायचं. वहिनी खांद्यावर घ्यायची, तिचे हात भरून आले की भाऊ घ्यायचा. हा दिवसभर लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचून आलेला माणूस, घरी आल्यावर भोंग्यासमोर माकडासारख्या उड्या मारायचा. आजी मांडीवर घेऊन पाठ थोपटायची. पोरीचे इतके पापे घेतले जायचे की गाल कायम ओले. धाकली शेजारी पाळण्यात पडून पंख्याकडे बघायची. तिला दूध पाजायलाही हात लागू नये म्हणून भावाने एक युक्ती काढली होती. टॉवेलची गुंडाळी करायची, तोंडाजवळ ठेवायची, तिच्यावर बाटली टेकवायची. पोर आपली आपण प्यायची. शेजारीण ही युक्ती बघायला मुद्दाम आली आणि म्हणाली, देवाने द्यायचीच तर अशी पोर द्यावी.

घरात कायदा आजीचा. कायद्याचं एकच कलम होतं, मांडीची सवय लावायची नाही. भोंग्याला लागली ती लागली, तिथे इलाज नव्हता. निदान एक तरी वाचवा, असं तिचं म्हणणं. आजीने स्वतः तीन पोरं वाढवली होती, त्यामुळे तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

चौथ्या महिन्यात लस टोचायला दोघींना दवाखान्यात नेलं. आत्याला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून धाकली तिच्याकडे. नर्सबाईने धाकलीच्या डोक्यामागे हात घातला आणि ती थांबली. डोकं मागून चपटं, ताटलीसारखं. मग तिने पोरीला उचलून खांद्याला लावलं. भोंगा मघाशी तिच्या खांद्याला घोरपडीसारखा चिकटला होता. ही मात्र फळीसारखी ताठ, कुठे टेकायचं ते माहीतच नसल्यासारखी.

"हिला घेता का कुणी?" नर्सबाईने विचारलं.

आजी अभिमानाने म्हणाली, "घ्यावंच लागत नाही हो तिला."

नर्सबाईने पोर आत्याकडे परत दिली. मग तिने सांगितलं, की पोरीला आजार कसला नाही. तिला उचला, छातीशी धरा, अंगावर झोपवा, हातपाय चोळा, तिच्याशी बोला. एवढंच. आजीची निराशा झाली. बाटलीभर लाल औषध दिलं असतं तर तिचा विश्वास तरी बसला असता. अंगाशी धरा म्हणे, हे काय औषध झालं?

परतताना वहिनी दमलेली होती, भोंगा तिच्या कडेवर मुसमुसत होता. धाकलीला लस टोचली तेव्हाही तिने फक्त खालचा ओठ बाहेर काढला होता आणि परत आत घेतला होता. वहिनी कौतुकानेच म्हणाली, "अगदी आत्यावर गेलीय बघा. कधी काही मागायची नाही."

आत्या चालता चालता थांबली. मागून येणारा सायकलवाला तिच्यावर आदळता आदळता वाचला आणि शिव्या देत गेला. तिला चाळीस वर्षांत पुष्कळ कौतुक वाट्याला आलं होतं, पण एवढी भीती कुठल्याच कौतुकाने घातली नव्हती.

नर्सबाईचं ऐकून घराने दोन दिवस धाकलीला उचललं. तिसऱ्या दिवशी भोंग्याला सर्दी झाली आणि टॉवेलची गुंडाळी पुन्हा कामावर रुजू झाली.

त्या संध्याकाळी आत्या लॉन्ड्रीतून आली, हात धुतले आणि पाळण्यापाशी गेली. लहान पोर कसं धरायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला एकच धरायचं माहीत होतं. चादरींची गरम चवड दोन्ही हातांवर घ्यायची, छातीशी दाबायची आणि वरून हनुवटी टेकवायची, म्हणजे घसरत नाही. तिने पोरीला तसंच धरलं. पहिल्या दिवशी पोरही ताठ आणि आत्याही ताठ. दोन फळ्या एकमेकींना टेकवून ठेवल्यासारख्या दोघी तासभर बसल्या.

बोलायचं काय, हा पुढचा प्रश्न. बोबडं बोलणं आत्याला जमेना. मग ती पोरीला डाग सांगू लागली. चहाचा डाग ताजा असला तर लगेच जातो. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, बसतो. आयोडिनचा नाद सोडायचा. पोर तिच्या तोंडाकडे बघायची. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आत्याचं बोलणं मध्येच न तोडता ऐकत होतं. बोलता बोलता आत्या अंगठ्याने तिचे तळवे चोळायची, चादरीची किनार दाबावी तसे. उघड्या दंडावर पोरीची पाठ घ्यायची. काम करून आलेल्या बाईचं अंग असं ऊबदार असतं की शेगडी फिकी पडावी.

नवव्या दिवशी पोरीने अंग सोडलं. मान आत्याच्या गळ्यात टाकली आणि लाळेने खांदा भिजवला. आत्याचा पाय बधिर झाला, मुंग्या आल्या, पाय आपला आहे की शेजारणीचा ते कळेना. ती हलली नाही. आजी स्वयंपाकघरातून म्हणत होती, मांडी, मांडी. आत्याला ऐकू आलं नाही. तिला ऐकू न आल्याची घराण्यातली ही पहिलीच नोंद.

पुढे महिनाभरात धाकली संध्याकाळी दाराकडे बघायला लागली. आणि एके दिवशी आत्याने जेवायला बसण्यासाठी तिला पाळण्यात ठेवलं, तशी ती रडली. चांगली टाहो फोडून रडली. भावाने सवयीने भोंग्याकडे धाव घेतली. भोंगा गप्प होता. आपल्या धंद्यात दुसरं कोण शिरलं म्हणून तोंड उघडं टाकून बघत होता.

आजी म्हणाली, लागली सवय, शेवटी बिघडवलीच पोर. मग निकाल लागला. आत्याने आठ दिवस पोरीला हात लावायचा नाही, रडून रडून सवय मोडेल. भाऊ म्हणाला, आईचं बरोबर आहे. वहिनीचा ब्लाउज दुधाने भिजत होता. निकाल लागला म्हणजे लागला, कारण आत्या ऐकणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. आत्या ताटापुढे बसून राहिली. पाळण्यात रडणं चालू होतं. मधेच ते थोडं खाली आलं.

आजी समजुतीच्या सुरात म्हणाली, "बघ, थांबतेय. तू नव्हतीस हो अशी. ठेवलं तिथे पडून राहायचीस, दोन दोन तास."

"मी अजून तिथेच आहे," आत्या म्हणाली.

आत्या उठली, हात धुतला, पुसला आणि पोरीला उचललं. पोर हुंदके देत तिच्या गळ्यात घुसली.

वहिनीने हळूच विचारलं, "पण वन्सं, तुम्ही कामावर गेल्यावर?"

"रडली की उचलायची."

"कुणी?"

"हात असतील त्यानं."

भावाने नकळत स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तेवढ्यात भोंगाही सुरू झाला, आणि त्या रात्री त्या घरात जेवणं जशी व्हायला हवी होती तशी झाली नाहीत.

सकाळी आत्या निघाली तेव्हा धाकलीने दारातच सूर लावला. आत्या दार ओढून जिना उतरायला लागली. दुसऱ्या मजल्यावर तिचे पाय अडले. वरून रडणं येतच होतं. खाली जाणाऱ्या दोन माणसांना तिने वाट दिली. रडणं चढलं. आत्याने कठडा घट्ट धरला. कामावर वेळेत पोचायचं तर आता धावावं लागणार होतं आणि ती जागची हलत नव्हती.

मग वर आजीची चप्पल घासल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आजीचा. ही पोर आणि हिची आत्या मिळून माझ्या मांडीची पार वाट लावणार, मला मेलीला म्हातारपणी हेच दिवस बघायचे होते, ये, ये गं भवाने, ये. शिव्या चालूच राहिल्या. रडणं थांबलं.

आत्या आणखी जरा वेळ उभी राहिली. पोर पुन्हा पाळण्यात ठेवली असती तर रडण्यावरून कळलं असतं. शिव्या मात्र एकाच जागेवरून येत होत्या, बसलेल्या बाईच्या येतात तशा.