वायफायचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी वाट्या नाहीतर गाळण्या वाण द्यायची मी. यंदा म्हटलं, काहीतरी नवं देऊ. घरच्या वायफायचा पासवर्ड चिठ्ठ्यांवर लिहिला अन् तिळगुळासोबत लुटला. लातूरच्या आमच्या गल्लीत लई कौतुक झालं.

दुसऱ्या दिवशी सुनेची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. ती बोलायला बसली, तर पडद्यावर समोरच्या साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिनं तपासलं, तर आमच्या वायफायवर एकवीस फोन!

“आई, पासवर्ड म्हंजे घराची किल्ली! वाटायची असते का? आत्ताच बदलते.”

“अगं, दिलेलं वाण परत घेतात व्हय?”

सुनेनं साहेबांना फोन करून दहा मिनिटं मागून घेतली. मी दारोदार पळाले. “बायांनो, अर्धा घंटा वायफाय बंद करा, सुनबाईची मुलाखत हाय!”

शेजारीण म्हणाली, “काकू, काल वाण दिलं अन् आज वापस मागायलाव का?” पण बंद केलं सगळ्यांनी.

मुलाखत नीट झाली. संध्याकाळी सुनेनं गल्लीसाठी वेगळं वायफाय करून दिलं, त्यातून आमच्या कॉम्प्युटरपर्यंत कुणाला पोचता येत नाही. पुढं नोकरीही लागली, अन् “आमच्यामुळं लागली” म्हणत सगळ्या पेढे मागायला माझ्याच दारात.