बाळकृष्णाची कॉफी

आमची मालूबाई बुधवारा मोहल्ल्यातली. साऱ्या गल्लीत चहा, हिच्याच घरी कॉफी. पहिली वाटी देवघरातल्या बाळकृष्णापुढं, मग सोताचा पेला. "त्याच्या आधी घोट घेतला तं नरड्याखाली उतरत नाही व माय," म्हणे.

तिचे मालक निंबाबाबा गेले अन् बाई खचली. ओट्यावर बसणं सुटलं, जेवणबी अर्धी पोळी. मागच्या साली लेक रश्मीनं इंदूरहून भावाच्या राखीसंगं एक डब्बा धाडला. फोनवर बोलली, "माय, ह्या कॉफीत असगंध हाये, ब्राह्मी हाये, ताकत येईन. रोज घे, सरली का आणखी धाडते."

सून वैशालीनं डब्बा फिरवून वाचला. खाली इंग्रजीत मशरूमबी लिहेल! मशरूमले मालूबाई कुत्र्याची छत्री म्हणे, परसात उगवली तं काडीनं उडवून देई. अन् तेच आता बाळकृष्णाच्या वाटीत?

सांगणारच होती. पण चार दिवसांनी बाई पेला घेऊन ओट्यावर जाऊन बसली. असगंधानं म्हणा का लेकीच्या नावानं, देव जाणे. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे, "रश्मीची कॉफी हाये." वैशालीनं गुपचूप ती पावडर जुन्या पितळी डब्ब्यात ओतली अन् गप राहिली. रोज वाटी ठेवतानी देवाकडं पाहायची हिंमत नाही व्हायची.

दिवाळीले रश्मीची पोरगी तृप्ती आली. आल्या आल्या बोलली, "आजी, मशरूमवाली कॉफी पसंत आली ना?"

झालं. मालूबाईनं पेला खाली ठेवला.

"वैशाली, तुले ठाऊक होतं?"

"हाव, आई."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून." वैशाली रडायलेच लागली. "तुम्ही सोडून देसान म्हणून नाही सांगितलं."

बाईनं देवघराकडं पाह्यलं अन् बोलली, "तीन महिने पिऊन राहिला हा बाळकृष्ण. एक दिवस तोंड वाकडं नाही केलं. हाबी तुझ्यासारखाच गुपचूप." अन् पेला उचलला. "थंडी झाली. गरम करून आण. त्याचीबी."

ह्या चैतात मालूबाई गेली.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीनं पितळी डब्बा उघडला. तळाशी दोन चमचे उरेल होती. देवाची वाटी ठेवली. पेला भरला, पण देणार कोणाले? कधी तोंडाले लावली नव्हती तिनं ही कॉफी. तोच पेला घेऊन ओट्यावर जाऊन बसली. कडूजहर, मातीवानी वास.

समोरून शारदाकाकूनं हाक मारली, "काय पिऊन राहिली व?"

वैशालीनं घोट गिळला.

"रश्मीची कॉफी हाये," बोलली.