चाचांच्या घोडीची गोम

माझ्याकडे त्रेचाळीस घोडे आहेत आणि एकालाही दाणापाणी लागत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण घरी आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो, एवढे घोडे कायले? मंगरूळपीरला माझं ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकानामागे एक खोली आणि खोलीत भिंतभर फळ्या. फळ्यांवर लाकडाचे, मातीचे, चिंध्यांचे, कागदाच्या लगद्याचे घोडे उभे आहेत, सगळे कुणा ना कुणाच्या हातचे. साच्यातून निघालेला प्लास्टिकचा घोडा मी घेत नाही. त्याच्याशी भांडायला काही नसतं.

भांडते म्हणजे खरंच भांडते. जत्रेतून किंवा भंगारवाल्याकडून आणलेला घोडा आहे तसा मला चालत नाही. पॉलिश पेपरनं घासते, भेगा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवते, जुना रंग खरवडून नवा देते. आयाळीला रेशमी दोरा, शेपटीला लोकर, खोगिराला कुणाच्या तरी ब्लाउजचा उरलेला काठ. लगामाच्या कड्या म्हणजे ब्लाउजचे आकडे आणि डोळे म्हणजे मंगळसूत्रातले काळे मणी. एक घोडा पूर्ण झाला की नवरा दारातूनच विचारतो, "न्हालं का गंगेत?" तो एस.टी.त कंडक्टर आहे, त्याला दिवसभर माणसं मोजून घोड्यांबद्दल काही वाटेनासं झालंय.

माझा सगळ्यात लाडका पराक्रम रिठदच्या घोड्याचा. तिथल्या एका सुतारानं मला हौसेनं घोडा करून दिला, पण चारही खूर बैलासारखे मधून चिरलेले. जन्मभर पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदीबैल केलेला माणूस, त्याचा हात दुसरं काय कोरणार? मी हसून हसून बेजार झाले आणि एका दुपारी चारही चिरा लांबीनं भरून टाकल्या. तेव्हापासून मला वाटायला लागलं की कारागिराची चूक मला त्याच्याआधी दिसते. हा माज होता, हे आता कळतं.

एकदा सलवारची कड मारून घ्यायला एक चाची आल्या. फळ्यांकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या. "आमच्या घरी बी एक येडा हाय घोड्याचा," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुकान अर्धं उघडं टाकून मी त्यांच्याकडे गेले.

चाचा आधी टांगा चालवायचे. स्टँडपासून दर्ग्यापर्यंत, कधी आसपासच्या खेड्यांत. आता ते अंगणात जांभळीखाली बसून आंब्याच्या लाकडाचे घोडे कोरत. कोरत आणि वाटून टाकत. पण काचबिंदूनं नजर जात चालली होती. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गेली ती येणार नाही आणि उरलीय तीही राहणार नाही. एक घोडी मात्र त्यांनी कुणाला दिली नव्हती. दोन वर्षं तीच एक कोरत होते.

"ही माझी आखरी घोडी," ते म्हणाले. "खरीखुरी. टांग्याले हीच होती. काम झालं हाय, रंग तुमी द्या. कुमैत, म्हनजे तांबूस, अन् पाय-आयाळ काळी. मले आता सावलीत तांबडा अन् काळा यकच दिसते. डोळे हायेत तवर एकदा पाहू द्या तिले. मंग तुमचीच."

त्यांनी घोडी माझ्या हातात दिली. वीतभर उंचीची घोडी तीन पायांवर उभी होती. मागचा चौथा पाय तिनं नुसता खुराच्या टोकावर टेकवला होता, लांबची खेप करून आलेलं जनावर उभ्या उभ्या विसावा घेतं तसा. पोटाखालची शीर होती, गुडघ्याची वाटी होती, खालचा ओठ थोडा सुटलेला होता. माझ्याकडचे बेचाळीस घोडे मला एकदम लाकडाचे वाटायला लागले. असं काही हाताला लागलं की मला भीतीच वाटते, आणि खरं सांगायचं तर हाव सुटते.

बारा दिवस मी तिच्यावर काम केलं. ब्लाउज रखडले, बायका चिडल्या. मानेच्या उजव्या अंगाला, आयाळीच्या खाली, एक बारीक उभी रेघ होती, दोन्ही कडांना किंचित उचललेली. मला वाटलं, लाकूड सुकताना तडकलंय. बिचाऱ्यांना दिसलं नसेल. मी उचललेल्या कडा घासून सपाट केल्या, रेघेत लांबी दाबली, रेघ नाहीशी होईपर्यंत पुन्हा घासलं. रंगाचे चार हात दिले. मान अशी गुळगुळीत झाली की माशी बसली तर घसरावी.

घोडी घेऊन गेले तेव्हा चाचांनी ती खिडकीपाशी नेली, डोळ्याला लावली, तिरकी केली, लांब धरली. "वा," म्हणाले. "हाच रंग." चाचींनी चहा टाकला. मी खूश होऊन पाय पसरून बसले. तेवढ्यात त्यांचा अंगठा मानेवर गेला. वर गेला, खाली आला, परत वर गेला. मग त्यांनी घोडी हलकेच ओट्यावर ठेवली.

"गोम कुठी गेली?"

मला प्रश्नच कळला नाही. कुठल्याही व्यवहारात काही लपलेलं असलं की आपण म्हणतो ना, खरी गोम इथंच आहे. तेवढीच गोम मला ठाऊक. मी म्हटलं, "कसली गोम, चाचा? काही गोम नाही. सगळं साफ आहे."

"तेच तं. साफच करून टाकलं तुमी."

मग त्यांनी समजावून सांगितलं, न चिडता, आणि न चिडता सांगितल्यानं मी जास्तच मेल्यासारखी झाले. जनावराच्या अंगावरची लव एका दिशेनं बसलेली असते. कधी एखाद्या ठिकाणी ती उलटी फिरते, दोन बाजूंची लव समोरासमोर येते आणि मधे गोम चालत गेल्यासारखी रेघ उभी राहते. घोडा घेणारे आधी ती शोधतात. त्यांच्या घोडीची गोम वाईट जागी होती, धन्याला खाते म्हणत. म्हणून तिला कुणी घेत नव्हतं, म्हणूनच ती चाचांच्या दारी आली. पन्नाशीला टेकेपर्यंत हा शब्द मी हजारदा वापरला होता आणि तो घोड्याच्या अंगावरून माझ्या तोंडात आलाय, याचा मला पत्ता नव्हता. घरात बेचाळीस घोडे!

"सतरा साल जुंपली तिले," चाचा म्हणाले. "कोनाले खाल्लं नाई. उलटं आमीच तिच्यावर खाल्लं. मंग ऑटो आले. विकाले काढली. बाजारात नेताना मी काय केलं मालूम? मानेले तेल लावलं, फणीनं लव बसवली, वरून पट्टा आवळला. घेनाऱ्यानं इचारलं, काही खोट? मी म्हनलो, कसम से, साफ हाय."

चाची मधेच म्हणाल्या, "जाऊ द्या ना आता."

"काहून जाऊ दे? तो माणूस तिले घेऊन निघाला तं तिनं मान फिरवून मले पाह्यलं. जनावराले काय समजते? पन मले समजलं. जिनं घर चालवलं, तिच्याबद्दल मी आखरीले खोटं बोललो. म्हनून हे कोरून राह्यलो होतो. डोळे जायच्या आत तिले गोमेसकट पाहाची होती."

त्यांनी बाजारात तेल लावून जे केलं होतं, तेच मी लांबी लावून केलं होतं, आणि वर साफ आहे असंही सांगितलं होतं. मी म्हटलं, लांबी काढते. पण लांबी काढून काय होणार, कडा तर मी घासून टाकलेल्या. चाचांचा हात आता तसं बारीक कोरू शकत नव्हता. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट म्हणजे ती रेघ नेमकी कुठं होती, हे मला आठवत नव्हतं. मी ती बघितलीच नव्हती, फक्त बुजवली होती.

"थांबा," म्हणत चाचा उठले.

अंगणाच्या मधोमध जाऊन ते उभे राहिले. समोर काही नव्हतं. त्यांनी डावा हात वर करून आयाळ मुठीत धरली. उजव्या हातानं पट्टा मानेखालून घेतला, ओढला, बक्कल लावलं आणि पट्ट्याखाली अंगठा घालून फिरवला, जनावराला काचू नये म्हणून. अंगठा हवेत चालत गेला आणि एका जागी थांबला. "इथी," ते म्हणाले. "रोज सकाळी इथी लागायची."

मी गळ्यातली टेप काढली आणि डाव्या मुठीपासून उजव्या अंगठ्यापर्यंत हवेतच माप घेतलं. त्यांना हात खाली घ्यायला लावला, पुन्हा जुंपायला सांगितलं, पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. एका सुताचाही फरक आला नाही. बायका दर महिन्याला आपलं छातीचं माप निराळं सांगतात, आणि हा माणूस कितीक वर्षांपूर्वी विकलेल्या घोडीचं माप रिकाम्या हवेत धरून उभा होता. त्या क्षणी अंगणात घोडी होती, आणि हे मी शपथेवर सांगेन. चाचीसुद्धा चहाचे कप घेऊन तिच्या मागून वळसा घालून आल्या.

कोरणं मला येत नाही. पण मखमल मला कळते. मखमलीला लव असते. एक तुकडा सुलटा आणि एक उलटा कापला गेला तर एकाच ब्लाउजच्या दोन बाह्या दोन रंगांच्या दिसतात. नवी असताना मी एका नवरीचा ब्लाउज असा घालवला होता आणि घरात तोंड लपवून बसले होते. आता तीच चूक मी मुद्दाम करायला बसले. मोठ्या घोडीचं माप वीतभर घोडीला बसवलं, मोठ्या बाईच्या झंपरावरून पोरीचं पोलकं काढतात तसं. लांबी खरवडून उथळ खाच केली. तांबूस मखमलीच्या दोन बारीक पट्ट्या कापल्या, दोन्हींची लव समोरासमोर आणून खाचेत चिकटवल्या. मधे एक रेघ उभी राहिली. मी इतक्या गुळगुळीत केलेल्या मानेवर ती लांबूनही दिसत होती, आणि मला फार आवडली.

आठ दिवसांनी गेले तर चाचा चाचींचा हात धरून बाहेर आले. एवढ्यात एवढी नजर उतरेल असं मला वाटलं नव्हतं. घोडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उन्हाकडे धरली, मग बघणं सोडून दिलं आणि अंगठा मानेवर ठेवला. खाली नेला, लव बसली. वर नेला, लव उठली. अंगठा रेघेवर थांबला.

"दिसली का?" चाचींनी विचारलं.

"दिसली," चाचा म्हणाले. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

घोडी त्यांच्याजवळच राहू द्यावी असं माझ्या मनात होतं, तसं म्हणायला मी तोंडही उघडलं. पण चाचांनी टोपी सारखी केली, ताठ उभे राहिले आणि दोन्ही हातांनी घोडी माझ्यापुढे धरली. मी हात लावला तरी त्यांनी सोडली नाही. बाजारात उभं राहिल्यासारखं मोठ्यानं म्हणाले:

"कुमैत घोडी हाय. चालीले चांगली, दाताले चांगली. उजव्या मानेवर गोम हाय. लोकं वाईट म्हनतेत. हात लावून पाहा. घ्याची असन तं पाहून घ्या, नाई तं राहू द्या."

मी त्यांच्या अंगठ्याशेजारी माझा अंगठा ठेवला, खाली नेला, वर नेला.

"पाहिली, चाचा."

"मंग?"

"गोमेसकट घेते."

तेव्हा त्यांनी हात सोडले.