जावयाने घडवलेला चावंड

माझे सासरे दर रविवारी चावंड किल्ला चढायचे आणि मी दर रविवारी झोपायचो. एवढं सोडलं तर आमच्यात काहीही वैर नव्हतं. मामा चारचौघांत "आमचं जावई चित्रं लई झ्याक काढत्यात" असं कौतुक करायचे. पण ते म्हणण्याची त्यांची पद्धत अशी, की "बाकी काय येत न्हाई" हे वेगळं सांगावं लागायचं नाही.

त्यामुळे मामांच्या शंभराव्या चढाईला स्मृतिचिन्ह द्यायचं ठरलं आणि डिझाइन माझ्याकडे (शाळेतल्या ड्रॉइंगमास्तराकडे!) आलं, तेव्हा मी ठरवलं, आता मामांचं मत बदलायचंच.

मेहुणा बाळूला घेऊन मी जुन्नरच्या ट्रॉफीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे बैलगाडा होता, कबड्डी होती, कॅरमसुद्धा होता. डोंगर नव्हता.

"ह्यो पैलवान घ्या की राव! गदा काढतो, काठी लावतो. झाला गिर्यारोहक!"

"अहो, हा लंगोटावर आहे."

"मग? गडावं काय कमी ऊन आसतंय?"

मी ताडकन उठलो आणि सासरी येऊन ओसरीवर कागद पसरला. पसरला मात्र, अख्खं घर त्यावर वाकलं! बायको म्हणाली, पायऱ्या दिसायला हव्यात. बाळू ओरडला, "पाण्याची सात टाकी काढा दाजी! त्याच्याबिगर चावंड कसला?" सासूबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"ह्येचं करायचं काय पण?"

"शोभेसाठी असतं, मामी."

"नुसतं शोभंसाठी? मग बूड सपाट ठिवा. पालथं घातलं तर वाटण तरी व्हईल."

बूड सपाट ठेवलं. खरा पेच पुढेच होता: गडावर चढणारे मामाही दाखवायचे होते. डोक्यावरची टोपी ओळखू येईल एवढे मामा काढले, तर ते गडापेक्षा उंच व्हायचे. गडाच्या मापात काढले, तर मुंगी! तीन दिवस मी डोकं धरून बसलो. शेवटी तोडगा सापडला: मामांना हात लावायचा नाही, गड वाढवायचा! (कागदावर गड वाढवायला काही वजन लागत नाही.)

ते काम मी पाटे-वरवंटे घडवणाऱ्या कारागिराला दिलं. अस्सल काळा दगड, अखंड! त्याने एकच विचारलं, "गुरुजी, ह्ये उचलायचं कुणी?"

"हे ठेवायचं असतं, उचलायचं नसतं," मी ऐटीत म्हणालो.

पण सत्काराची कुणकुण लागताच मामांनी जाहीर केलं, "सत्कार करायचा तर गडावं, देवीच्या देवळाम्होरं! आन् वस्तू जावईबापूंनी केलीया, तवा त्यांनीच आणायची. त्यांचा मान हाय त्यो." बाळूची कंबर त्याच संध्याकाळी धरली.

रविवारी पोत्यात घातलेला किल्ला दोरीने माझ्या पाठीवर बांधला गेला. मामा पुढे मोकळ्या हाताने शीळ घालत चालले होते. कोरीव पायऱ्या आल्या तसा मी चार पायांवर आलो. वरून सरपण घेऊन उतरणारी एक म्हातारी थबकली.

"काय नेताय वं पावणं?"

"किल्ला," मी कसाबसा म्हणालो.

"आगं बया! वर हाय की येक!"

देवळापुढे पोचलो आणि मी पोत्यासकट खाली बसकण मारली. मामांनी पोतं सोडलं. एकेका टाक्यावर बोट ठेवलं, पायऱ्या मोजल्या, टोपीवाल्या स्वतःकडे टक लावून पाहिलं. मग माझ्याकडे वळले, तर डोळ्यांत पाणी.

"माजं चुकलं जावईबापू. मी तुमाला लई कच्चं समजत व्हतो. मी शंभर येळा चढलो, पर मोकळ्या हातानं. खरी चढाई तुमी केली. ह्ये तुमचंच!"

त्यांनी स्वतःची शाल माझ्या गळ्यात घातली, किल्ला माझ्यापुढे सरकवला. टाळ्या पडल्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि हे एक वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते.

मग डबे आवरून मंडळी उतरायला निघाली. बाळू माणुसकीने किल्ला उचलायला वाकला, तर मामा गरजले, "हात लावू नगंस! दाजींचा मान हाय त्यो!"

शाल गळ्यात, किल्ला पाठीवर, असा मी ढसाढसा रडत गड उतरलो. सगळ्यांना वाटलं, आनंदाश्रू आहेत.