शाळेच्या आढ्याला झोळी

शाळा कशानं सुधारते असं विचारलं की लोक भिंतीचा चुना दाखवतात, अन् माझं डोकं फिरतं. अमडापूरजवळच्या आमच्या गावात दरवर्षी तपासणीआधी शाळेला चुना लागायचाच. अन् कापसाची वेचणी सुरू झाली की मोठ्या पोरी गायब! आया वावरात गेल्यावर धाकट्यांना कोण सांभाळणार?

मी चौथीत होते, भाऊ नुकता रांगत होता. मायनं सांगून टाकलं, "पुरे झाली शाळा." मी रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा खामगावहून नव्यानं आलेल्या आमच्या बाई घरी आल्या.

"बाई, लेकराले कोन पाहीन?" माय म्हणाली.

"त्यालेही धाडा शाळेत."

मायला थट्टाच वाटली. पण बाईंनी स्वतःचं जुनं लुगडं आणून वर्गाच्या आढ्याला झोळी बांधली. हातानं झोका, तोंडानं पाढे! हळूहळू बाकीच्या पोरीही भावंडं काखेत मारून आल्या. रडारड, शी-शू, सगळं चालायचं.

मग तपासणी आली. सरपंच तसे भले माणूस, पण त्यांना गावाची लाज वाटली. "साहेबाले हे दाखवता का, बाई?" म्हणत त्यांनी झोळी सोडायला लावली अन् आम्हाला त्या दिवशी घरी बसवलं. माय म्हणाली, "बरं झालं, आता घरीच राह्य."

साहेबांनी वर्गात विचारलं, "मुली कुठे आहेत?"

"चला, दाखवते," म्हणत बाईंनी त्यांना थेट आमच्या अंगणात आणलं. मागून सरपंच धापा टाकत. भाऊ माझ्या कडेवर भोकाड पसरून होता.

"शाळेत का नाही आलीस?"

"आमची झोळी सोडली नं, साहेब!" माझा राग काही आवरेना.

सरपंचांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांची कीव आली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः स्टुलावर चढून झोळी बांधत होते, अन् खालून बाई म्हणत होत्या, "आणखी एक गाठ मारा, भाऊ."

पुढं मीही मास्तरीण झाले. पहिल्या शाळेत हेडमास्तर कौतुकानं नवं कपाट, नवे नकाशे दाखवत होते. मी हो-हो म्हणत होते, पण बघत होते वर, आढं मजबूत आहे का ते.