सेकंदाला तीस

टेबलावर बोट वाजवत नाना म्हणायचे, “फाईल शिकाडेल सांगस, भाऊ. खरं मानूसले इचार.” म्हणजे फाईल शिकवलेलंच बोलते, खरं माणसाला विचार.

भुसावळच्या आमच्या स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंची जुळणी नाना करायचे. मूळचे धुळ्याकडचे, बोली सोडली नव्हती. मी कॉम्प्युटरवाला. फाईलमध्ये सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं, आहेत ते सांगणारी एक छोटी स्क्रिप्ट मी लिहिली होती आणि तिचा मला भारी तोरा होता. नाना नुसतं पाहून “पंचवीस शे”, म्हणजे पंचवीस आहे, म्हणायचे, मग स्क्रिप्टही पंचवीसच म्हणायची. तुम्ही तिथे असता तर हसला असता. माझ्या अंगावर मात्र काटा यायचा.

एकदा यावलहून एक अक्का आल्या. मुलगा वारलेला. केळीचा घड खांद्यावर घेऊन तो बागेतून चालत येतो, एवढीच क्लिप उरलेली. तीही कुणीतरी दुरुस्त करून दिलेली, आवाज गेलेली.

“हा मह्या पोऱ्या नही,” अक्का म्हणाल्या. “त्याचे कपडे घालून दुसराच कोनी चालतो.”

मी स्क्रिप्ट चालवली. पंचवीस. “फाईल ठीक आहे, अक्का,” असं सांगून मोकळा झालो. त्या रडू लागल्या.

नानांनी हळूच विचारलं, “अक्का, तो कसा चाले?”

अक्कांनी पदर खोचला, एक खांदा वाकवला आणि स्टुडिओभर चालून दाखवलं. लांब ढांगा, बाहेर पडणारा उजवा पाय. ती बाईची चाल नव्हतीच. खोटं कशाला सांगू, मी घाबरून खुर्ची मागे घेतली. नानांचं बोट त्या पावलांच्या तालावर टेबलावर टकटक करत होतं.

“तीस कर.”

दुरुस्त करणाऱ्याने तीसच्या वेगाच्या फ्रेम पंचवीसने मांडल्या होत्या, म्हणून चाल संथ झाली होती. स्क्रिप्ट बिचारी तेच वाचत होती. मी वेग बदलला. मुलगा झपझप आला. अक्कांनी पडद्याला हात लावला. “आला,” म्हणाल्या.

गेल्या वर्षी नाना वारले. त्यांची एकच क्लिप माझ्याकडे आहे, कुणाकुणाच्या मोबाईलमधून फिरून आलेली, मुकी. स्क्रिप्ट म्हणते पंचवीस. पण ते नाना वाटत नाहीत. चोवीस केले, तीस केले. शेवटी त्यांच्यासारखं चालून पाहायला उठलो आणि जागीच उभा राहिलो. बारा वर्षं समोरासमोर बसलो, त्यांची चाल मी कधी नीट पाहिलीच नव्हती. फार लाज वाटली. मला फक्त त्या बोटाचा ताल ठाऊक.

पडद्यावर नानांचा शर्ट घातलेला कोणीतरी दारातून येतो, टेबलाशी बसतो, माझ्याकडे पाहतो. वाजवायला बोट उचलतो, आणि क्लिप संपते.