नीमियाने लिहिलेलं पान

ताकुआरा गावाची माती इतकी लाल की पांढरा कपडा तिथे एकदाच पांढरा असतो, दुकानातून आणतात त्या दिवशी. त्या मातीतून नीमिया नवव्या वर्षी उठली आणि बसने चार तासांवरच्या व्हियारिका शहरात तिच्या धर्ममायकडे गेली. बाप्तिस्म्याच्या दिवशी ज्या बाईने तिला पाण्यावर धरलं होतं, ती ही ओब्दुलिया; मानाने तिला सगळे दोन्या म्हणत. नीमियाची आई एउस्ताकिया आणि ओब्दुलिया एकमेकींना कोमाद्रे म्हणत. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीच्या वरचं. बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडलं तर पाप लागतं.

ठरलं होतं ते सोपं होतं. पोर घरात हाताखाली राहील, कोमाद्रे तिला शाळेत घालील. ताकुआरात शाळा सहावीपर्यंतच. त्यापुढे पोरींसाठी ऊस होता आणि लग्न होतं.

ओब्दुलियाने शब्द पाळला, हे आधी सांगायला हवं. सहा वर्षं झाली, नीमिया पंधरा वर्षांची होऊन नववीत आली. नोव्हेंबरात नववीचा दाखला हातात पडला की तिला शहरातल्या दवाखान्यात मदतनीस म्हणून शिकायला जाता येणार होतं. नर्सबाईने तसं कबूल केलं होतं. नीमियाने मनात पांढरी टोपीसुद्धा घालून पाहिली होती. उरले होते दोन महिने.

शाळा दोन वेळा भरायची. ओब्दुलियाची मुलगी अनालिया सकाळच्या वर्गात, नीमिया दुपारच्या. वर्ग तोच, बाकं तीच. नीमियाच्या बाकावर कधी अनालियाच्या पेन्सिलीची टरफलं सापडायची, तीही ती झाडून टाकायची. सवयच ती.

ग्रिसेल्दाबाई दोन्ही वर्गांना समाजशास्त्र शिकवायच्या. बाई तरुण, राजधानीतून नव्यानेच आलेल्या, आणि त्यांच्या बोलण्यात एक घाई होती, जणू सगळं जग याच वर्षी सुधारून टाकायचंय. दर शुक्रवारी त्या एक प्रश्न घ्यायच्या. दारू, जमिनी, ऊसतोडीची पोरं. मग म्हणायच्या, "आता वही काढा. पुस्तकातलं नको. तुम्हाला काय वाटलं ते."

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं: पोसकी पोरं.

"गावाकडची गरीब मुलगी," बाई सांगू लागल्या, "शहरातल्या घरी देतात. घरचीच म्हणतात. पण ती सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या नंतर जेवते. पगार नाही, सुट्टी नाही. हे प्रेम आहे की चाकरी?"

मागच्या बाकावरून आर्नाल्दो म्हणाला, "बाई, माझी आजीसुद्धा सगळ्यांच्या आधी उठते. तीपण पोसकी का?"

वर्ग हसला, नीमियाही हसली. तिला त्या पोरींची फार दया आली. बिचाऱ्या. तिच्या डोक्यातही आलं नाही की बाई तिच्याबद्दल बोलताहेत. पण पुढे बाई म्हणाल्या, "या शहरात असं एकही घर नसेल जिथे...", तेव्हा तिला राग आला. आपल्या धर्ममायवर कोणी भलताच संशय घ्यावा? तिने वही उघडली आणि धर्ममायच्या बाजूने लिहायला घेतलं.

तिने लिहिलं:

"आमच्या घरी पोसकी नाही. मी धर्मलेक आहे. मी साडेचारला उठते कारण मला लवकर जाग येते. अंगण मी झाडते कारण अनालियाला धुळीने शिंका येतात. तिचा गणवेश मी इस्त्री करते कारण तिला निखाऱ्याच्या इस्त्रीची भीती वाटते. मी स्वयंपाकघरात जेवते कारण तिथे ऊब असते. धर्ममायने मला दोनदाच मारलं आणि दोन्ही वेळा चूक माझी होती. आईला मी तीन वर्षांत पाहिलं नाही कारण सणाला घरी पाहुणे असतात आणि कामं फार असतात. आम्ही दोघी एकाच वर्गात आहोत. अनालिया सकाळी शाळेत येते आणि मी दुपारी येते, कारण"

इथे तिचं पेन थांबलं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. लापाचोच्या झाडाखाली गुलाबी फुलांचा सडा पडला होता, आणि तो कोण झाडणार असा विचार तिच्या मनात आला, आणि मग तिला स्वतःच्याच विचाराचं काहीतरी विचित्र वाटलं. वाक्य पुरं करायला तिच्याकडे पुष्कळ शब्द होते. एकही लिहवेना. घंटा झाली. बाईंनी पान हातातून घेतलं.

पान वाचून बाई रडल्या, असं शिपाईण सांगायची. रडल्या तर रडल्या, पण पुढे त्यांनी जे केलं ते शहाण्या माणसाने केलेलं भाबडं काम होतं. त्यांनी ते पान वर्गातल्या भिंतीवर लावलं. नाव कापून टाकलं, म्हणजे झालं असं त्यांना वाटलं. दुपारचा वर्ग संपल्यावर लावलं, आणि सोमवारी सकाळी त्याच वर्गात अनालिया येऊन बसली. धुळीच्या शिंका, निखाऱ्याची इस्त्री. नाव कशाला हवं होतं? एका मुलीने अनालियासमोर खोटी शिंक दिली, मग दुसरीने, आणि मधल्या सुट्टीपर्यंत सगळा वर्ग शिंकत होता.

अनालिया घरी आली ती दप्तर फेकतच.

ओब्दुलियाने आरडाओरडा केला नाही. भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवली. "दोनदा मारलं," ती म्हणाली. "मोजून ठेवलंस होय गं?"

"धर्ममाय, मी तुमचं चांगलंच लिहिलं. बाई म्हणाल्या म्हणून..."

"मलाही पोसलं होतं, कळलं? सातव्या वर्षापासून. मला कुणी वही दिली नाही. तुला दिली. ती तू माझ्याच तोंडावर मारलीस."

संध्याकाळी ग्रिसेल्दाबाई धावतपळत आल्या. दारातच उभ्या राहून चूक आपली आहे म्हणाल्या. पोरीला दोन महिने तरी राहू द्या, दाखल्यापुरतं.

"या, बसा ना बाई," ओब्दुलिया गोड आवाजात म्हणाली. "मातेचा कडू चहा पाजला असता, पण ओतणार कोण? आमची पोर आता लेखिका झालीय. तुमच्याकडेच न्या की तिला. तुमच्या घरी तर चाकरी नसेल, नुसतं प्रेम असेल."

बाई एका खोलीत भाड्याने राहत होत्या, दुसऱ्या तीन शिक्षिकांबरोबर. त्यांनी नीमियाकडे पाहिलं. नीमिया जमिनीकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या रेडिओवर, खेड्यापाड्यांचे निरोप सांगतात त्या वेळी, निवेदकाने वाचलं: "ताकुआराच्या एउस्ताकियाबाईंनी ऐकावं. तुमची मुलगी गुरुवारच्या बसने परत येत आहे. तब्येत ठीक आहे." ताकुआरात त्या वेळी प्रत्येक ओट्यावर रेडिओ असतो. एउस्ताकिया मका सोलत होती. तिने मान वर करायच्या आधी शेजारणींनी तिच्याकडे पाहिलं. आजारी नाही आणि परत येते, म्हणजे काय ते गावाने आपापल्या परीने ठरवून टाकलं. त्यांनी ठरवलं ते खऱ्याहून वाईट होतं.

गुरुवारी निघताना नीमियाने दोन्ही हात जोडले. "आशीर्वाद द्या, धर्ममाय."

आमच्याकडे हे हात कुणी मोकळे सोडत नाही. वैऱ्याच्या पोराने जोडले तरी 'देव तुझं भलं करो' म्हणावं लागतं. ओब्दुलिया पाठमोरी उभी राहून कपडे वाळत घालत राहिली. एक चादर, दुसरी चादर. नीमियाचे हात जोडलेलेच. बसचा भोंगा वाजला तेव्हा तिने ते आपणच खाली घेतले.

घरी तिसऱ्या दिवशी, बसच्या कंडक्टरकडून त्या पानाचं कानावर आल्यावर, आई मांदिओकाचे कंद सोलता सोलता म्हणाली, "खोटं लिहिलंस का?"

"नाही, आई."

"मग खरं असं काय लिहिलंस की माझी कोमाद्रे गेली?"

नीमियाने सगळं सांगितलं. साडेचार, अंगण, इस्त्री. आई ऐकत होती, हातातली सुरी चालत होती. शेवटी म्हणाली, "हे सगळं मला ठाऊक होतं गं. ठाऊक असूनच पाठवलं." आणि कंद तिच्या हातातून पाण्यात पडला.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी फार हळू बोलू लागल्या, घरात कोणी आजारी असल्यासारखं.

नोव्हेंबर आला. दाखले ज्या शनिवारी वाटले त्या शनिवारी नीमिया उसाच्या रानात होती. दुपारी बसचा कंडक्टर निरोप घेऊन आला. दोन्या ओब्दुलियाचा. आईचा काही दोष नाही, नातं तोडायचं नाही, घरात हाताखाली कोणी नाही. धाकटीला पाठवावं. तोच शब्द, शाळा, कपडे. कंडक्टर थोडा अवघडला, मग म्हणाला, "असंही म्हणाल्या की लहान आहे, अजून लिहिता येत नसेल, ते बरंच."

धाकटी सुनिल्दा आठ वर्षांची. चिपा पाव भाजायच्या भट्टीजवळ ती कोंबडीला दटावत होती.

"आई, सुनी नको," नीमिया म्हणाली. "मला पाठव. मी पाय धरीन त्यांचे."

"तुला नाही बोलावलं."

"मग कुणालाच नको."

आईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. "बरं. नको. मग तू सांग. तू शिकलेली आहेस. सहावीनंतर इथं तिच्यासाठी काय आहे ते सांग, मी नाही पाठवत."

नीमियाच्या हातांना उसाच्या पात्यांचे चरे पडले होते. आई वाट पाहत राहिली, खरोखरच वाट पाहत राहिली, मनापासून, लेकीकडून काहीतरी येईल म्हणून. मग उठून तिने सुनिल्दाचा सणाचा फ्रॉक पेटीतून काढला आणि तो आता कुठवर येतो ते पाहू लागली.

जायच्या आदल्या सकाळी नीमिया धाकटीला ओढ्यावर घेऊन गेली. कपडे धुता धुता तिला एकेक सांगू लागली. झाडू दाराच्या मागे असतो. अंगण झाडायच्या आधी पाणी शिंपड, म्हणजे धूळ उडत नाही. इस्त्रीच्या मुठीला ओलं फडकं गुंडाळ. अनालिया चिडली तर उलट बोलू नकोस, काही सांडलं तर लपवू नकोस, लगेच सांग. सुनिल्दा बोटांवर मोजत होती आणि हसत होती. बस, शहर, नवे बूट, सगळं तिच्या डोळ्यांत नाचत होतं.

"तू मला सगळं आधीच शिकवून ठेवतेस," ती म्हणाली. "तिथं गेल्यावर मला कोणी रागावणारच नाही."

"नाही रागावणार."

"आता विचार ना."

नीमियाने ओल्या हाताने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मातेचं पाणी चुलीवरून कधी उतरवायचं?"

सुनिल्दाने डोळे मिटून आठवलं. "बुडबुडे यायच्या आधी. उकळलं तर पाला करपतो आणि धर्ममाय ओतून देते."

"शाबास," नीमिया म्हणाली, आणि पुढचा कपडा दगडावर आपटू लागली.